अकलूजवाल्याची मिशी

अकलूजवाल्यानं मिशी काढली ती माझ्यामुळं. मी लिहिलेल्या फार्सात एक बायको होती आणि सगळ्या कॉलेजात ती बायको व्हायला एकही मुलगी तयार नव्हती. तयार झाली असती तरी ते संवाद तिच्या तोंडी घालायची आमची छाती नव्हती. तेव्हा बायको आमच्यातल्याच कुणीतरी व्हायला हवं होतं. मागवाल्याचा आवाज फुटक्या नगाऱ्यासारखा. माझे पाय काठ्यांसारखे. अकलूजवाला तेवढा गोरा, भरल्या अंगाचा, हसला की गालाला खळी पडणारा. अडचण एकच होती, ती नाकाखाली होती.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आम्ही तिघं बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि दुसऱ्यांदा होतो. अकलूजवाल्याच्या घरी उसाचा मळा. मागवाला पूर्व भागातला, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातला. घरामागच्या शेडमध्ये त्याच्या वडिलांचे चार यंत्रमाग दिवसभर खडखडत असायचे. मी माळशिरस तालुक्यातल्या एका खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाचा मुलगा, म्हणून मला हे दोघं ‘मास्तर’ म्हणायचे. खरी नावं आम्ही फक्त हजेरीच्या वेळी ऐकत असू.

अकलूजवाला आणि मी एका खानावळीमागच्या खोलीत राहायचो. खानावळ चालवणाऱ्या मावशी विधवा होत्या, हाताला चव होती आणि तोंडाला धार. मागवाल्याचं घर सोलापुरातच असूनही तो सकाळी आंघोळ करून आमच्या खोलीवर यायचा तो दिवेलागणीला परत जायचा. घरी थांबलं की वडील मागावर उभं करतात, हे त्याचं कारण.

दुसऱ्यांदा शेवटचं वर्ष कसं आलं ते सांगायला हवं. आदल्या एप्रिलमध्ये आमचे सगळे पेपर झाले होते, एक राहिला होता. अर्थशास्त्राचा. आदल्या दिवशी खोलीत अकलूजवाला म्हणाला, “पास झालो की मे महिन्यात लगीन. बापानं पोरगी बघितली सुदिक.” मागवाला म्हणाला, “मी पास झालो की दुसऱ्या दिवशी मागावर. बाप म्हणतो, शिकून झालं, आता बस.” मी म्हणालो, माझे वडील मला गावच्याच शाळेत चिकटवणार आहेत. त्यांचीच खुर्ची, त्यांचाच खडू. मग मागवाला म्हणाला, “उद्याचा पेपर नाय दिला तर काय होईल बे?”

काहीच होणार नव्हतं, एवढंच की आणखी एक वर्ष मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंगळवेढा रस्त्याला एका ओळखीच्याच्या विहिरीवर गेलो आणि अकरा ते दोन, बरोबर पेपरच्या वेळेत, पोहत बसलो. वर ऊन भाजत होतं आणि खाली पाणी गार होतं. मुटके मारून मारून डोळे लाल झाले. इतका आनंद मला पुढं पास झाल्यावरही झाला नाही, हे लाजेनं का होईना, पण कबूल करतो.

घरी सांगायचं काय, हा प्रश्न मग आला. मी वडिलांना सांगितलं की अर्थशास्त्रात नापास झालो. मागवाल्यानंही तेच सांगितलं. अकलूजवाल्याचं मात्र अवघड होतं. वडिलांनी गावभर सांगून ठेवलं होतं की पोरगा पहिल्या झटक्यात बी.ए. होणार. तेव्हा त्याच्यासाठी मी एक पत्र लिहिलं. माझं अक्षर मोत्यासारखं होतं, भाषाही बरी होती. त्या पत्रात मी लिहिलं की विद्यापीठाकडून एका पेपरचे गुण धरायचे राहून गेले आहेत, त्यामुळं निकाल राखून ठेवला आहे, चौकशी चालू आहे आणि ती पूर्ण होईपर्यंत मला सोलापुरातच राहणं भाग आहे. खाली अकलूजवाल्यानं सही केली. पत्र पेटीत टाकून आम्ही भजी खायला गेलो.

पुढचे सात-आठ महिने कसे गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही, कारण त्यांत काही घडलंच नाही. सकाळी उशिरा उठायचं. एखाद्या तासाला मागच्या बाकावर बसायचं. दुपारी कडक भाकरी आमटीत कुस्करून वर शेंगाची चटणी घेऊन जेवायचं आणि झोपायचं. संध्याकाळी तळ्याच्या काठी जाऊन बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींबद्दल अशा गप्पा मारायच्या की त्यांतल्या एकीनं वळून नुसतं बघितलं असतं तरी आम्ही पळालो असतो. स्त्री-पुरुषांच्या विषयातलं आमचं सगळं ज्ञान ऐकीव होतं. मागवाला त्यातला पंडित मानला जायचा, कारण त्याच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला येणाऱ्या बायका आपसात जे बोलायच्या ते त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. त्यांच्या बोलण्यात मागाचा प्रत्येक भाग दुसऱ्याच अर्थानं यायचा. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणारी, सूत वाहणारी लाकडी नाव. मागवाल्यानं त्या धोट्यावरचे विनोद आम्हाला ऐकवले तेव्हा अकलूजवाला हसता हसता खाटेवरून खाली पडला होता.

त्यातूनच फार्स निघाला. डिसेंबरात गॅदरिंगची तयारी सुरू झाली, मोठ्या नाटकाआधीचा पाऊण तास रिकामा होता आणि तो आम्ही मागून घेतला. गोष्ट साधी होती. तीन विद्यार्थी सात वर्षं एका घरमालकाच्या खोलीत राहतात. मालक जाहीर करतो की यंदा जो पास होईल त्याला माझी मुलगी देईन. मुलगी कशी आहे ते तिघांनाही ठाऊक असतं, त्यामुळं तिघंही नापास व्हायची शर्थ करतात. त्यातला एक चुकून पास होणार असं दिसतं, तेव्हा तो सांगतो की माझं लग्न झालेलं आहे आणि मित्रालाच लुगडं नेसवून बायको म्हणून उभा करतो. मालक त्या बायकोकडं नवऱ्याची चौकशी करतो. सगळा धुडगूस त्या चौकशीत होता.

नियमाप्रमाणे संहिता मराठीच्या सरांना दाखवावी लागली. सर पुण्याकडचे, नुकतेच आलेले, फार सज्जन. त्यांनी चष्मा पुसून सगळं वाचलं. बायको मालकाला सांगते, “यांचा माग लई जुना हाय. सुरू केला की खडखड फार, कापड इतकंसं.” मालक विचारतो, “तेल घालत नाही का?” ती म्हणते, “तेल घालून घालून बाटली संपली, पण धोटा जागचा हलंना.” सरांनी तिथं पेन्सिलीनं खूण केली. सर म्हणाले, “छान. श्रमजीवी वर्गाचं जीवन आपल्या रंगभूमीवर फारसं येत नाही. तुम्ही ते त्यांच्याच शब्दांत आणलंय.” आणि त्यांनी वरच्या कोपऱ्यात तसं लिहून सही केली.

मागवाला सरांच्या खोलीतून बाहेर येईपर्यंत गंभीर राहिला. नंतर त्याला जिन्याच्या कठड्याला धरून बसावं लागलं.

राहिली मिशी. आमच्याकडं बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत. बाप गेल्यावर काढतात, तेव्हा मिशी नसलेला माणूस दिसला की लोक आधी वडिलांचं विचारतात. अकलूजवाला आठ दिवस नाही म्हणत होता. “खडू लावून झाकू,” तो म्हणायचा. आम्ही खडू लावून पाहिला, पावडर लावून पाहिली. तो आजारी संन्याशासारखा दिसायचा. शेवटी मी म्हणालो, “तुझे वडील तिकडं अकलूजला. महिन्याभरात पुन्हा येईल. कुणाला कळतंय?” हे वाक्य माझं होतं. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी तो न्हाव्यापुढं बसला. न्हाव्यानं वस्तरा हातात घेऊन हळूच विचारलं, “कधी झालं?” अकलूजवाला म्हणाला, “नाटक हाय.” न्हावी म्हणाला, “मग वडलांस्नी इचारून या.” शेवटी मागवाल्यानं खोलीवर आपल्या हातानं ती काढली. वरचा ओठ उघडा पडला तेव्हा आम्ही हसायला तयार होतो, पण हसू आलं नाही. तो एकदम लहान दिसायला लागला.

लुगड्यासाठी आम्ही मावशींकडं गेलो. त्यांनी पेटीतलं हिरवं नऊवारी काढलं, वास घेतला आणि माझ्या हातात देताना म्हणाल्या, “धन्यानं घेतल्यालं हाय. नाटक करा, काय बी करा. पन माजं लुगडं नेसून वंगाळ बोलायचं न्हाय.”

“नाही मावशी,” मी म्हणालो.

गॅदरिंग मैदानातल्या मांडवात, संध्याकाळी पाचला. पडदा म्हणून दोन सतरंज्या. पूर्व भागातली पोरं झुंडीनं आली होती, कारण मागवाल्यानं आठवडाभर सगळीकडं कुजबुज केली होती. मी नवरा होतो, मागवाला घरमालक, तिसरा विद्यार्थी वर्गातलाच एक मुलगा. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग अकलूजवाला पदर सावरत आला आणि मांडवात शिट्ट्यांचा पाऊस पडला. तो खरंच सुरेख दिसत होता. ‘खडखड फार, कापड इतकंसं’ हे वाक्य पडलं आणि मागच्या निम्म्या मांडवाला ते कळलं. पुढच्या खुर्च्यांवरचे प्राध्यापक मागं वळून बघायला लागले. मराठीचे सर आजूबाजूला काहीतरी विचारत होते.

याच वेळी शिपाई दोन पाहुण्यांना घेऊन आला आणि दुसऱ्या रांगेत बसवून गेला. दोघांच्या डोक्याला फेटे. मी पाहिलं, पण माझं लक्ष संवादात होतं. अकलूजवाला प्रेक्षकांकडं वळला, ‘तेल घालून घालून’ एवढं म्हणाला आणि थांबला.

“बाटली,” मी हळूच आठवण करून दिली.

तो ओठ न हलवता म्हणाला, “बाप.”

मला वाटलं तो शब्द चुकला. मी पुन्हा म्हणालो, “बाटली.” तो म्हणाला, “दुसरी रांग.”

मी पाहिलं. त्याचे वडील मला ठाऊक होते. एकदा उसाची मोळी घेऊन खोलीवर येऊन गेले होते. ते ताठ बसले होते, दोन्ही हात काठीवर. शेजारचा पाहुणा मात्र पोट धरून हसत होता.

अकलूजवाल्यानं तेव्हा जे केलं ते आठवलं की आजही मला त्याचं कौतुक वाटतं. त्यानं डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत खाली ओढला आणि वाक्य पूर्ण केलं. पुढचा अर्धा तास तो घुंगट न काढता बोलला. आवाज भीतीनं बारीक झाला होता. इतकी लाजरी बाई इतकं चावट बोलते आहे म्हटल्यावर मांडव डोक्यावर घेतला गेला. लोकांना वाटलं आम्ही ते तसंच बसवलंय. सायकलीच्या हवेचा एक प्रसंग होता, त्यात मी भांबावून एकच वाक्य तीनदा म्हणालो, त्यालाही तीनदा हशा मिळाला. शेवटी तिघंही नापास होतात आणि निकालपत्रक डोक्यावर घेऊन नाचतात. आम्ही नाचलो. सतरंज्या सरकल्या.

मांडवामागच्या वर्गात आम्ही तिघं नुसते उभे होतो. दार ढकलून ते दोघं आत आले. पाहुणा अजून डोळे पुसत होता. तो म्हणाला, “बाई झाल्याला गडी कोन रं? लई झ्याक.” मग अकलूजवाल्याच्या वडिलांकडं वळून म्हणाला, “पाव्हनं, तुमचा मुलगा कुटाय? तेवडा दावा, म्हंजी यस्टी गावंल.”

वडिलांनी काठी उचलून दाखवलं. “ह्योच.”

तो पाहुणा म्हणजे ठरवलेल्या मुलीचा मामा होता. मुलगा एकदा डोळ्यांनी बघून जावं म्हणून वडील त्याला घेऊन आले होते. आधी ते खानावळीवर गेले आणि मावशींनीच त्यांना कॉलेजचा रस्ता दाखवला. मामानं अकलूजवाल्याला खालून वर न्याहाळलं. हिरवं लुगडं, बांगड्या, कुंकू. नजर वरच्या ओठावर थांबली. हसू गेलं.

“पाव्हनं,” तो सावकाश म्हणाला, “तुमी तर चांगलं धडधाकट हायसा की.”

अकलूजवाल्यानं पदरानं ओठ झाकला.

“आमच्या पोरीला नवरा बगाय आलोतो,” मामा म्हणाला. “ही तर जाऊ निगाली.” त्यानं काखेतली पिशवी सारखी केली, हात जोडले आणि तो निघून गेला. मागवाल्याच्या घशातून एक आवाज आला, तो त्यानं खोकल्यात मिसळला.

वडील बाकावर बसले. “लुगडं फेड आदी,” म्हणाले. अकलूजवाल्यानं लुगडं सोडलं. बनियन आणि चड्डीवर, कपाळाला कुंकू असा तो उभा राहिला. मला वाटलं आता काठी पडणार. त्यालाही तसंच वाटलं असणार, कारण त्यानं डोळे मिटले होते.

“मी कोल्हापूरला गेलतो,” वडील म्हणाले. “दिवाळीच्या आदी. म्हनलं, पोराचा निकाल आडकून पडलाय, कुनी चवकशी करंना, आपन जाऊन बगावं. इद्यापीठात त्या खिडकीपुडं दिसभर हुबा हुतो. मानूस बरा हुता. त्यानं वही काडली, बोट फिरवलं. म्हनला, आजोबा, राकून काय ठेवल्यालं न्हाय. तुमचा पोरगा त्या पेपराला बसल्यालाच न्हाय.”

अकलूजवाल्यानं डोळे उघडले. “मग तुमी बोलला का न्हाय, आबा?”

“तू बोलशील म्हनून वाट बगत हुतो.”

मग ते माझ्याकडं वळले. “पत्र तू लिवलंस न्हवं? ह्याला इतकं नीट लिवाय येत न्हाय. वाचनारं गुरुजी म्हनलं, अक्षर लई सुरेक हाय. दोनदा वाचून घेतलं मी. गावात समद्यास्नी सांगितलं, इद्यापीठाची चूक झालीया, पोराची न्हाय.”

मी मान खाली घातली. त्या क्षणापर्यंत ते पत्र म्हणजे माझ्या लेखी एक चांगला जमलेला निबंध होता. कुणीतरी ते ऐकून ओसरीवर बसलेल्या चार माणसांना अभिमानानं सांगेल, एस.टी.त बसून कोल्हापूरला जाईल, खिडकीपुढं उभं राहील, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

“हितं काय हाय रं असं?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “घरी न्हाय असं काय हाय हितं?”

मागवाला म्हणाला, “काय नाय, काका. हितं आम्हाला कोण काय विचारत नाय. एवढंच.”

वडिलांनी बराच वेळ मान हलवली. “व्हय,” ते म्हणाले. “ते बरं आसतंय.”

बाहेर मोठं नाटक सुरू झाल्याची घंटा झाली. ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, “मागाचं झ्याक हुतं. सायकलीचं लई लांबवलं.”

ते मावशींकडं आमच्यासोबत जेवले आणि पंढरपूरवरून जाणारी गाडी धरायला निघाले. स्टँडवर पाय गाडीच्या पायरीवर ठेवून त्यांनी मुलाला सांगितलं, “परीक्षेला बस. लगनाचं मागनं बगू. आन मिशी यीस्तवर गावाकडं फिरकू नगंस, तुजी आय बगून भेईल.”

मावशींना फार्सातलं सगळं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कळलं होतं. मांडवात त्यांचा भाचा होता. त्यांनी लुगडं तीनदा धुतलं आणि आमच्या खोलीसमोरच्या दोरीवर वाळत घातलं. चार दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. त्या चार दिवसांत आमच्या आमटीत मीठ नव्हतं. पाचव्या दिवशी मी पाया पडलो, तेव्हा म्हणाल्या, “धोटा म्हनं. माझं माहेर विणकरांत हाय, मला न्हाय कळणार व्हय?” आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्या हसत होत्या असं अकलूजवाला म्हणतो. मला तेव्हा नक्की दिसलं नाही.

सरांनीही बोलावलं. प्राचार्यांनी त्यांना त्यांचीच ‘श्रमजीवी’वाली ओळ वाचून दाखवली होती. मी माफी मागितली आणि मनापासून मागितली. ते म्हणाले, “संवाद तुला येतात. पण शेवट नाही. तिघं नापास होतात, नाचतात. मग पुढं काय?” मी म्हणालो, पुढं काही सुचलं नाही. “सुचेल,” ते म्हणाले आणि संहिता माझ्या हातात ठेवली.

शनिवारी मी सकाळची गाडी धरून गावी गेलो. कोल्हापूरच्या त्या खिडकीचा विचार डोक्यातून जात नव्हता. शाळा सुटली होती. वडील वर्गाच्या खिडक्या लावत होते. मी दारातच उभा राहून सांगितलं की मी अर्थशास्त्रात नापास झालो नव्हतो, मी पेपरच दिला नव्हता.

त्यांनी शेवटच्या खिडकीची कडी लावली. “म्हणजे विषय येतो तुला?”

“येतो.”

“का नाही दिलास?”

मला काहीतरी मोठं उत्तर द्यायचं होतं. मी म्हणालो, “मला इथं मास्तर व्हायचं नाही.”

“मग तसं सांगायचं होतं,” ते म्हणाले. “मला वाटलं, पोराला अर्थशास्त्र जड जातंय. मी तुझं पुस्तक आणवून वाचायला घेतलं होतं. म्हटलं, परीक्षेआधीच्या सुट्टीत आलास की आपण दोघं मिळून बसू. मागणी-पुरवठ्याचं कळलं थोडं. पुढचं नाही कळलं.”

टेबलावर ते पुस्तक होतं. खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, पहिल्या तीन प्रकरणांत समासात पेन्सिलीनं बारीक प्रश्न लिहिलेले. माझे वडील सातवी पास होऊन शिक्षक झालेले. मी ते पुस्तक उचललं आणि त्यांच्यासमोर रडलो. मोठा झाल्यावर एवढं एकदाच. ते पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि काही वेळानं म्हणाले, “चल, भाकरी गार होईल.”

त्या संध्याकाळी ओसरीवर बसून मी त्यांना समासातले प्रश्न एकेक करून समजावून सांगितले. ते मन लावून ऐकत होते. जिथं मी अडलो तिथं त्यांनी पुन्हा पेन्सिलीनं खूण केली.

फेब्रुवारीत मागवाला यायचा बंद झाला. वडिलांच्या छातीत पाणी झालं होतं, डॉक्टरांनी मागाच्या धुरळ्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. थोरला मुलगा हाच. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो दोन मागांच्या मधे उभा होता, अंगभर सुताची पांढरी लव. एवढ्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. त्यानं खुणेनं बसायला सांगितलं आणि आम्ही अर्धा तास बसून त्याला तुटलेली सुताची तार जोडताना पाहिलं. हात इतका भराभर चालत होता की वाटलं, हा गडी वर्षभर आमच्या खाटेवर लोळत होता तो दुसराच कुणीतरी. कांड्या भरणाऱ्या बायका आमच्याकडं बघून आपसात काहीतरी बोलल्या आणि हसल्या. तो लाजला. माग थांबवून बाहेर आला तेव्हा म्हणाला, “त्या म्हणतात, हेच का ते नाटकवाले. आता रोज ऐकवतात बे मला.”

“परीक्षा?” मी विचारलं.

“बघू,” तो म्हणाला. पण एप्रिलमध्ये त्याचा बाक रिकामा होता. या वेळी त्यानं पेपर चुकवला नव्हता, त्याला येताच आलं नव्हतं. अकलूजवाला आणि मी पास झालो. दोघंही सेकंड क्लास. मी पुढं गावच्या शाळेत न जाता सोलापुरातच एका कचेरीत कारकून म्हणून लागलो.

अकलूजवाल्याचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. मुलगी दुसरी, सांगोल्याकडची. तोवर मिशी पहिल्यापेक्षा दाट आली होती. मांडवात त्याच्या वडिलांनी आम्हाला हाताला धरून चार पाहुण्यांसमोर नेलं आणि सांगितलं, “ही पोराची सोलापूरची दोस्त. नाटकं करायची. ह्यो लिवायचा.” एवढंच. बाकीचं त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही.

मागवाल्यानं आपल्या मागावर विणलेली चादर आहेर म्हणून आणली होती. जोडपं नमस्काराला आलं तेव्हा अकलूजवाल्यानं बायकोला सांगितलं, “ही चादर ह्यानं स्वत: विणलीया.” तिनं कोपरा हातात धरून बोटांनी चाचपला आणि म्हणाली, “घट्ट हाय वीण.” विनोदाची संधी सोडून मागवाल्यानं चादरीची घडी सारखी केली. जेवणं उरकली आणि तो लगेच उठला. दुपारच्या गाडीनं निघालं नाही तर संध्याकाळची पाळी बुडते, म्हणाला. नवरदेव हळदीच्या अंगानं, कमरेला शेला तसाच ठेवून, आमच्याबरोबर स्टँडपर्यंत आला. लोक बघत होते. गाडीत गर्दी होती. मागवाल्याला खिडकीशी जागा मिळाली. तो काही बोलेल म्हणून आम्ही दोघं खाली उन्हात उभे होतो. त्यानं डोक्याला रुमाल बांधला, खिडकीच्या गजाला डोकं टेकलं आणि गाडी सुटायच्या आधीच त्याला झोप लागली.